उंबऱ्याबाहेरचं ताट

माझ्या घरी आजवर कोण कोण जेवून गेलं ते विचारू नका. सासू-सासरे आले, ते ठीक आहे, त्यांचा हक्कच. मग दीर-जाऊ आणि त्यांची दोन कार्टी आली. पॅरिस झालं, प्राग झालं, आणि शेवटी माझ्या सोफ्यावर उड्या मारून त्याचा पाय मोडून ती मंडळी परत गेली. मग निरंजनचे मामा. निरंजन म्हणजे माझा नवरा; त्याला तोंडातून ‘नाही’ हा शब्द काढता येत नाही. मामांच्या मागून मामींची भाची आली, तीही नवऱ्याला घेऊन, हनिमूनला! ‘‘वहिनी, हॉटेलं फार महाग आहेत हो इकडं,’’ म्हणाली. मी आमच्या झोपायच्या खोलीत त्यांना गाद्या घालून दिल्या आणि आम्ही दोघं त्या लंगड्या सोफ्यावर. त्यानंतर निरंजनच्या मित्राचे शेजारी आले. मित्र नाही, मित्राचे शेजारी!

आमचं गाव एर्लांगन. इथून न्युर्नबर्ग जवळ, बांबर्ग जवळ, प्रागला बस जाते. त्यामुळं जर्मनीत पाऊल टाकलेल्या प्रत्येक माणसाला आमच्या घरचा पत्ता आपोआप कळतो. शुक्रवारी संध्याकाळी मी दशम्या आणि दाण्याची चटणी करायची, शनिवारी सकाळी पाच जणांचं मिळून एक असं दिवसभराचं तिकीट काढायचं. ते तिकीट वेगवान गाड्यांना चालत नाही, हे मी घरी सांगायची, रस्त्यात सांगायची, फलाटावर सांगायची. तरी कुणीतरी ती पांढरी चकचकीत गाडी बघून ‘‘हीच हीच’’ करत चढायचंच. मग खिडकीतून हात हलवणारे मामा आणि फलाटावर बोंबलणारी मी. संध्याकाळी घरी आल्यावर मंडळी पाय चेपत विचारणार, ‘‘रात्रीला काय केलंयस गं?’’

एवढं सगळं गणगोत जेवून गेलं. एकच माणूस आलं नाही. माझी आई.

माझी आई, प्रमिला जगदाळे, कराडला शनिवार पेठेत राहते. आमचे अण्णा गेले तेव्हा मी आठवीत होते आणि भाऊ पाचवीत. आईनं रडून झाल्यावर पुढच्या दोन खोल्यांत कॉलेजच्या पोरांची खानावळ काढली. कुठली कुठली पोरं यायची, बीडची, जळगावची, एक तर पार आसामातला होता. आई वाढायला उभी राहिली की पंगतीत चिडीचूप. ताटात कुणी काही टाकलेलं दिसलं की त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती बघायची. तो पोरगा शेवटचं शीत उचलून तोंडात टाकेपर्यंत हलायची नाही. त्यातल्या निम्म्या पोरांची आता टक्कलं पडली, तरी दिवाळीला फोन करतात, ‘‘मावशी, तुमच्यासारखी आमटी कुठं मिळत नाही.’’

अशी ही बाई माझ्या घरी यायला तयार नव्हती, कारण माझ्या घरी तिला जेवायचं नव्हतं. आमच्याकडची जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं मीठ खायचं नाही. आता कोण पाळतं हो हे? पण आई पाळत होती. आणि मला मूल नाही.

हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. आम्ही बरंच केलं. पुण्यात केलं, इथं केलं. डॉक्टर झाले, सुया झाल्या, आशा लागून मोडणं झालं. आदल्या वर्षी एका सकाळी दवाखान्यातून परत येताना निरंजन म्हणाला, ‘‘उजू, पुरे करूया का?’’ आणि मी म्हणाले, ‘‘पुरे.’’ त्यानंतर कधी नव्हे ती शांत झोप लागली. आईला मात्र हे सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? ती फोनवर दर वेळी विचारायची, ‘‘काही विशेष?’’ आणि मी म्हणायची, ‘‘काही नाही, तुझं काय?’’

मामींची भाची हनिमून उरकून गेली त्या दिवशी माझं डोकं फिरलं. फोन उचलला आणि म्हणाले, ‘‘आई, जगातलं कोण कुठलं माझ्या घरात येऊन ढेकर देऊन जातंय. तू येणार नसशील तर मीही कराडला पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते.’’

आई म्हणाली, ‘‘येते. पण जेवायचं काही बोलायचं नाहीस.’’

मी हो म्हणाले. मनात म्हटलं, ये तर खरी. तीन महिने राहायचं आहे. किती दिवस उपाशी राहशील? ह्या बाईला मी ओळखत नव्हते, दुसरं काय!

सप्टेंबरात आली. विमानतळावर निरंजननं बॅग उचलली आणि खाली ठेवली. ‘‘आई, दगड आणलेत का काय?’’

‘‘पीठ आहे ज्वारीचं. डाळ आहे. मसाला आहे. आणि मीठ आहे.’’

‘‘मीठ?’’ मी म्हणाले. ‘‘आई, जर्मनीत मीठ मिळतं गं.’’

‘‘मिळत असेल. ते तुझं. हे माझं.’’

घरी आल्यावर मी टेबल मांडलं. भरलं वांगं, आमटी, भाकरी, तिला आवडतो तसा लसणाचा ठेचा. सकाळपासून राबत होते. आई आली, सगळ्यावर नजर फिरवली, कौतुकानं मान हलवली, पेला घेऊन नळाचं पाणी भरलं आणि उभ्यानंच प्यायली.

‘‘पाणी चालतं वाटतं?’’ मी विचारलं.

‘‘नळाचं आहे ना? मग ते सरकारचं.’’ पेला विसळून पालथा घातला आणि खिडकीतून खाली बघितलं. ‘‘त्या सायकली लावलेल्या आहेत, तिथं बाक आहे बघ. ताट घे, खाली जाऊ. आणि आमटी जरा निराळी काढ बाई, तीत मी माझं मीठ घालते.’’

‘‘आई, आमटीत मीठ घातलंय मी!’’

‘‘मग आज नुसती भाकरी आणि कांदा खाते. उद्यापासनं घालू नकोस.’’

अशी सुरुवात झाली. ओट्यावर मिठाचे दोन डबे, माझा स्टीलचा आणि तिची प्लास्टिकची पुडी, तोंडाला रबर लावलेली. मी अळणी स्वयंपाक करायचा, आईनं आपल्या वाट्याचं काढून त्यात कराडचं मीठ घालायचं, आणि मग आम्ही जिना उतरून सायकलींपाशी. मी म्हटलं, गॅलरीत बस, तिथं ऊन असतं. आईनं गॅलरी नीट पाहिली आणि निकाल दिला, ‘‘हिचं दार घरातनं उघडतं. म्हणजे घरातच की.’’ आमच्या फ्लॅटला उंबरा नाही, जर्मन लोक कशाला उंबरा बांधतील? पण आईनं पायपुसणं टाकलेलं होतं ती रेघ उंबरा म्हणून ठरवली. ती ओलांडली की बाहेर.

निरंजनला ह्या सगळ्याची मजाच वाटत होती. माणूस आहे का कोण! ‘‘अगं, रोज वनभोजन,’’ म्हणायचा. डबा हातात घेऊन सासूच्या मागं जिना उतरायचा. ‘‘जावईबापू, तुम्ही वर जाऊन निवांत जेवा,’’ आई म्हणायची. ‘‘नाही आई, इथं चव जास्त लागते.’’ मग दोघं बाकावर बसून भाकरी मोडायचे आणि मी वरच्या खिडकीतून बघत चडफडायची. माझं सहा माणसांचं टेबल वर रिकामं, आणि ह्यांची पंगत सायकलींत.

शनिवार आला की मात्र आईचा उत्साह बघावा. इतर पाहुण्यांना फोटो हवे असायचे. आईला फोटो नको, किल्ला नको, चर्च नको. तिला बाहेर पडायचं असायचं, कारण बाहेर पोटभर जेवता यायचं. बांबर्गच्या नदीकाठी पायऱ्यांवर फडकं पसरून तिनं झुणका काढला. रेगेन्सबुर्गला डॅन्यूब नदीच्या कडेला बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाली, ‘‘आपल्या प्रीतिसंगमासारखंच आहे गं.’’ सगळ्यात आवडायची ती गाडी. ‘‘गाडी कशी, कुणाच्याच घरची नसते,’’ म्हणत ती स्टेशन सुटायच्या आधी डबा उघडायची. एकदा तिकीट तपासनीस आला तर त्याच्या हातावर दशमी ठेवली. त्यानं मुकाट्यानं खाल्ली. खानावळीतली पोरं ऐकायची तसंच ऐकलं त्यानं तिचं, भाषा येत नसताना.

मला वाटायचं, इथवर आलोय, आज घरी गेल्यावर थकलेली असेल, भूक लागलेली असेल, बसेल. कसलं काय! दारात चपला काढल्या की सरकारचं पाणी, आणि झोप.

ऑक्टोबर संपला आणि थंडी पडली. नोव्हेंबरात पाऊस. बाक ओला, वारा बोचरा. मी म्हटलं, देव पावला, आता कुठं जाशील? आई जिन्यात बसली. आमच्या दाराबाहेर, पायपुसण्याच्या पलीकडं, तिसऱ्या पायरीवर, स्वेटरवर शाल, मांडीवर ताट.

‘‘आई, लोक काय म्हणतील?’’

‘‘मराठी कळतं का त्यांना? मग म्हणू देत.’’

लोक म्हणालेच. खालच्या मजल्यावर ड्रेक्सलरबाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर वर येऊन बेल वाजवणाऱ्या. एक दिवस वर आल्या आणि मला एवढंच विचारलं, ‘‘तुमच्या आई जिन्यात का जेवतात?’’

आता सांगा, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं? मी सांगायला गेले. आमच्यात रीत आहे, आई लेकीच्या घरी जेवत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘कुणी ठरवलं हे?’’ मी म्हणाले, त्यांनीच. ‘‘स्वतः ठरवून थंडीत बसतात?’’ त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, ही बया सुनेसारखी वागतेय आईशी आणि वर थापा मारतेय. दुसऱ्या दिवशी जिन्यात आईच्या पायरीवर एक जाड उशी ठेवलेली होती. माझी मान खाली गेली ती आठवडाभर वर आली नाही. जी मी ह्या बाईला घरात जेवायला बसवण्यासाठी जिवाचं रान करतेय, त्याच मला अख्खी इमारत आईला बाहेर बसवणारी म्हणून ओळखायला लागली!

आणि मग तो रविवार. निरंजन कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेलेला. दुकानं बंद, रस्ते ओस, पाऊस सकाळपासून. मी भाकऱ्या केल्या, वांगं केलं, आमटी केली, अळणी, नेहमीसारखी. आईला हाक मारली तर आई नाही. जिन्यात उशी होती, आई नव्हती. खालून हसण्याचा आवाज आला.

ड्रेक्सलरबाईंचं दार उघडं. आत टेबलावर विणलेलं पांढरं कापड, मेणबत्ती, आणि खुर्चीवर माझी आई, पदर खांद्यावरून घेतलेला, हातात काटा. समोर बटाट्याचे गोळे, कोबी, आणि आलुबुखारचा केक.

‘‘ये की गं, बस!’’ आई म्हणाली. ‘‘हे बघ, आपल्या उकडीच्या मोदकासारखं करतात. बिचारी सारण घालायचं विसरलीय, पण मी काही बोलले नाही.’’

ड्रेक्सलरबाई माझ्याकडं बघून गोड हसल्या. त्या हसण्यात ‘बघा, असं करतात’ हे पुरतं होतं. मी काय बोलले आठवत नाही. आईला घेऊन वर आले, दार लावलं, आणि माझा तोल सुटला.

‘‘परक्या बाईच्या घरी जेवलीस! टेबलावर! मेणबत्ती लावून!’’

‘‘तिचं माझं काय नातं? तिच्याकडं चालतं.’’

‘‘म्हणजे जिथं नातं आहे तिथं उपाशी? वा गं वा! दोन महिने मी अळणी रांधतेय. दोन महिने सायकलींत ताटं नाचवतेय. आख्खी इमारत माझ्या तोंडात शेण घालतेय. कराडात तरी कोण पाळतंय आता हे? कुंदाकाकू लेकीकडं पुण्याला चार-चार महिने राहतात, हादडतात!’’

‘‘कुंदाला नातू आहे.’’

ती सहज बोलून गेली. आणि मग दोघींनाही कळलं, काय बोललं गेलं ते.

‘‘हां,’’ मी म्हणाले. ‘‘हे बोललीस ते बरं केलंस. माझ्या घराला पोर नाही, म्हणून माझं घर घर नाही. जिन्यापेक्षा खालचं. सरळ सांगायचं ना, एवढं पीठ लादून आणायचं कशाला?’’

आई खुर्चीवर बसली. ती माझ्या टेबलाच्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होती, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

‘‘उजे, रीत म्हणून पाळते असं वाटतं तुला?’’ ती म्हणाली. ‘‘मी कधी रीत पाळली? तुझे अण्णा गेले आणि महिन्याच्या आत मी परक्या पोरांना वाढायला लागले. भावकी काय काय बोलली. मी ऐकलं का कुणाचं?’’

‘‘मग हेच का पाळतेस?’’

‘‘तुझ्या लग्नात देवाला बोलले होते. म्हटलं, हिच्या घरात पोर रांगलं की हिच्या ताटाला बसेन, तोवर नाही.’’ तिनं टेबलावर उगाच हात फिरवला, सांडलेलं भाकरीचं पीठ निपटल्यासारखा. ‘‘मला वाटायचं, रोज जेवायच्या वेळेला देवाला आठवण राहील, ह्या बाईचं एक ताट बाकी आहे म्हणून. बाकावर बसले तरी आठवण राहील. जिन्यात बसले तरी राहील. पण तुझ्यात जेवले, की झालं मग. मीच सांगितल्यासारखं होईल देवाला, की आता राहू दे.’’

माझा सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक. नुसता गेला असता तर बरं, पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. लग्नानंतरची चौदा वर्षं मी समजत होते, ही मला शिक्षा करतेय.

‘‘आई,’’ मी म्हणाले. ‘‘आम्ही थांबवलंय सगळं. गेल्या वर्षीच.’’

‘‘काय थांबवलंय?’’

‘‘डॉक्टर. औषधं. सगळं. आता नाही करणार काही.’’

आईनं माझ्याकडं बघितलं. खानावळीत ताटाकडं बघायची तसं नाही, निराळंच.

‘‘निरंजनराव काय म्हणतात?’’

‘‘दोघांनी मिळून ठरवलं. तोच आधी म्हणाला.’’

‘‘फार त्रास झाला?’’

‘‘झाला.’’

‘‘मला नाही सांगितलंस.’’

‘‘कुठं सांगणार, आई? असलं बोलणं जेवताना होतं. एकमेकींच्या समोर बसून होतं. तू बसलीसच नाहीस कधी. जिन्यात सांगू?’’

बाहेर पाऊस पडत होता आणि खाली ड्रेक्सलरबाई भांडी विसळत होत्या, ते सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता रडेल. मी तिच्याकडं जायला निघाले, तर ती उठली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि परत त्याच खुर्चीवर येऊन बसली. मांडी घालायची सवय, म्हणून एक पाय वर घेतला.

‘‘वाढ,’’ म्हणाली.

ह्याच एका शब्दासाठी मी इतकी वर्षं तळमळत होते, आणि आता माझा हात उचलेना. ‘‘राहू दे आई,’’ मी म्हणाले. ‘‘तुझं पोट भरलंय खाली. आणि तुला वाटत असेल तर बाकावर जाऊ. छत्री घेते मी. खरंच, मला काही वाटणार नाही.’’

‘‘त्या गोळ्यांनी कुठं पोट भरतं? वाढ म्हणते ना. भाकरी गार होतेय.’’

मी ताट घेतलं. भाकरी ठेवली, वांगं ठेवलं, आमटीची वाटी ठेवली. घाईत थोडी आमटी ताटात सांडली. आईनं ती बोटानं निपटून घेतली, ताटात टाकलेलं तिला चालत नाही. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. चावत राहिली. डोळे माझ्याकडं नव्हते, ताटात होते.

‘‘अळणी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मीठ आण.’’

मी ओट्यापाशी गेले. सवयीनं हात तिच्या पुडीकडं गेला. रबर काढायला लागले.

‘‘ते नको,’’ आई मागून म्हणाली. ‘‘ते संपलं.’’

पुडी माझ्या हातात अर्धी भरलेली होती. मी तिला रबर परत लावलं, बाजूला ठेवली, आणि माझा स्टीलचा डबा तिच्यापुढं नेऊन ठेवला.